खिडकीसमोरचं स्टूल

मजुरांनी सब्बल घालून दुकानाच्या बाजूच्या भिंतीवरचं प्लायवूड उचकटलं आणि त्यामागे बुजलेली खिडकी उघडी पडली. उत्तरेची खिडकी. तिच्यातून ऊन कधी येत नसे, नुसता उजेड येई. धुळीच्या लोटातून तो आत आला आणि फरशीवर पूर्वी जिथे पडायचा तिथेच येऊन पडला. मी दारात उभा होतो. दुकान विकून झालं होतं, किल्ली तेवढी द्यायची राहिली होती. ती द्यायला पिपरी मेघेहून सकाळी निघून मी सेलूला आलो होतो.

नवा मालक भला मुलगा आहे. मोबाइलचं दुकान टाकतो आहे. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, "काका, माह्या आजाचा फोटो तुमच्याच बाबानं बनवलता. आजी सांगे, लय मोठा कलाकार मानूस. डोये गेले म्हनून धंदा सोडा लागला बिचाऱ्याले."

मी मान हलवली. चाळीस वर्षं मी या वाक्याला मान हलवत आलो आहे. मागच्या महिन्यात सेवाग्रामच्या दवाखान्यात माझा मोतीबिंदू तपासताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला डोळ्यांचा त्रास होता का?" आणि मी म्हणालो, "वडिलांना." सवयीने तोंडातून निघून गेलं. त्यांनी ते कागदावर लिहूनही घेतलं.

माझ्या वडिलांचे डोळे शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम होते. हे एकदा कुठे तरी लिहून ठेवायला हवं, आणि ते ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

आमच्या फोटो स्टुडिओला दोन वास होते. पुढच्या खोलीत पावडरीचा आणि खोबरेल तेलाचा, कारण फोटोला बसण्याआधी प्रत्येक जण भिंतीवरच्या आरशासमोर पुन्हा एकदा भांग पाडायचा. मागच्या खोलीत, जाड काळ्या पडद्याआड, फोटो धुण्याच्या औषधांचा आंबट वास. हायपोचा तो वास बाबांच्या बोटांना कायमचा चिकटला होता. जेवायला बसले की तोही ताटावर बसे. आई म्हणायची, "अजी, तुमच्या हातची भाकर कुत्रंबी नाई खानार." बाबा म्हणत, "म्हनूनच तं तुह्या हातची खातो."

ऋतू आम्हाला फोटोंवरून कळत. दिवाळी झाली की कापसाने भरलेल्या बैलबंड्या दुकानावरून जिनिंगकडे जाऊ लागत. बैलांच्या घुंगरांचा आवाज पहाटेपासून चालू. हवेत कापसाचे पुंजके तरंगत आणि ओल्या फोटोंवर येऊन बसत. एखाद्या ठाणेदाराच्या मिशीला, एखाद्या बाळाच्या गालाला कापूस लागलेला असे. त्या दिवसांत आई आपलं जुनं लुगडं भिजवून दाराला लावायची आणि फोटो आत दोरीवर वाळायचे. फाल्गुनात बोरच्या जंगलाकडची माणसं आली की त्यांच्या कपड्यांना मोहाचा वास यायचा. मग लग्नसराई. रंगवलेल्या पडद्यावर राजवाड्याच्या पायऱ्या होत्या, तळं होतं, दोन हंस होते. एका हंसाची मान उंदरांनी कुरतडली होती. बाबांनी ती पुन्हा काढली, तेव्हापासून तो हंस दुसऱ्यापेक्षा खरा दिसायचा.

पण बाबांची ओळख लग्नाच्या फोटोंनी नव्हती.

त्या काळी खेड्यांत कितीतरी माणसं आयुष्यात एकही फोटो न काढता मरत. माणूस गेल्यावर घरच्यांच्या लक्षात येई, भिंतीवर लावायला काहीच नाही. मग कोणी तरी सायकल हाणत यायचं. बाबा कॅमेरा घेऊन निघायचे. अंगणात उशांना टेकवून बसवलेला माणूस, डोक्याला पागोटं, कपाळाला बुक्का, डोळे मिटलेले. तो फोटो मोठा करून बाबा त्यावर डोळे काढत. उघडे.

तसे डोळे काढणारे दुसरेही फोटोवाले होते. ते सगळ्या मेलेल्यांना एकच जोडी बसवत, बाहुलीच्या डोळ्यांसारखी. बाबा तसं करत नसत. ते विचारत, "डोये कोनावर गेले?" घरात ज्याच्यावर त्या माणसाचे डोळे गेले असतील, मुलगी, भाऊ, नातू, कोणी का असेना, त्याला दुकानात आणायला सांगत. खिडकीसमोरच्या स्टुलावर बसवत. आपण समोर खुर्चीत, मांडीवर फळी, फळीवर फोटो. आणि मग नुसते पाहत बसत. सकाळपासून दुपार कलेपर्यंत, उजेड आहे तोवर. बसलेला माणूस ताठरून जायचा. बाबा म्हणत, "पापनी मारा, मारा. आता फोटो नाई काढून राह्यलो. डोये जिते राहू द्या."

हिंगणीची एक म्हातारी आठवते. बहीण गेली होती. स्टुलावर बसली आणि पदराने तोंड झाकून हसायलाच लागली.

"काऊन हसतं, माय?"

"लाज वाटते ना बाप्पा. माह्या मालकानंबी जल्मात इतकं नाई पाह्यलं माह्याकडं."

"मालकाले उजेडात बसवाचं होतं मंग," बाबा म्हणाले. म्हातारी हसता हसता रडायला लागली. बाबांनी कुंचली खाली ठेवली आणि तिचं रडणं संपेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

कुंचलीला टोक आणायला ते ती ओठांत धरत. त्यामुळे खालच्या ओठावर काळा ठिपका उमटायचा. संध्याकाळी ते घरी आले की आई आधी ओठाकडे पाहायची आणि विचारायची, "कोन गेलं?"

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं समजणार नाही. गल्ल्यावरून गिऱ्हाइकाला जो शब्द गेला तो दुकानाचा, मग तो कोणी का दिलेला असेना, असा बाबांचा नेम होता. मी नवा नवा गल्ल्यावर बसू लागलो तेव्हा एका लग्नघरच्यांना सांगून बसलो की सगळे फोटो येत्या बाजाराच्या दिवशी मिळतील. ते होण्यासारखं नव्हतं. बाबांनी विचारलं, "कबूल कोनं केलं?" मी म्हटलं, मी. "म्हंजे दुकानानं केलं," असं म्हणून ते पडद्याआड गेले. फोटो बाजाराच्या दिवशी तयार होते. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. गिऱ्हाइकासमोर मुलाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, इतकंच त्यांना ठाऊक.

मग रंगीत फोटो आले. रोल नागपूरला धुवायला जायचे आणि फोटो चकचकीत होऊन परत यायचे. मी हौसेने दुकान बदललं. मोठे दिवे आणले, खिडकीचा उजेड दिव्यांना नडतो म्हणून तिच्यावर प्लायवूड ठोकायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "ठोक. पन माह्या कामापुरती दुपारची उघडी राहू दे." म्हणून मी आधी तिला नुसता पडदाच लावला.

तो दिवस लग्नसराईतला होता. आत नवरीकडची मंडळी नटून फोटोला बसली होती. एवढ्यात हिंगणीकडचा गणपत नावाचा शेतकरी आला. दहाव्याचं मुंडण केलेलं डोकं, बगलेत कागदात गुंडाळलेला आईचा फोटो, तिकडेच दुसऱ्या कोणी काढून दिलेला, मागे पांढऱ्या लुगड्यातली बहीण. गावोगावची माणसं बाबांना भाऊच म्हणत.

"भाऊ कुठी? ही आनली ना बहीन. मायचे डोये हिच्यावरच गेले."

नवरीच्या मावशीने नाकाला पदर लावला. "अवो बाई, शुभ कामात हे काय मधातच! चाला वो, दुसऱ्या दुकानात जाऊ."

मला ती मंडळी जायला नको होती. त्याहून खरं सांगायचं तर मला ते सगळंच नको झालं होतं. ती मुंडणं, ते मिटलेले डोळे, तासन्‌तास कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत बसणारा बाप. मी गणपतला म्हणालो, "ते काम बंद झालं आता. भाऊले नाई दिसत. डोये गेले त्यायचे."

काळ्या पडद्यामागे पाण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

मी मागे वळून पाहिलं नाही. पडद्याची कडी वाजली. बाबा बाहेर आले, पण नेहमीसारखे नाही. एक हात भिंतीवर, दुसरा हवेत पुढे. काउंटरला पोट लागलं तेव्हा थांबले. गणपत त्यांच्या अगदी समोर उभा होता. बाबा त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाले, "कोन हाये?"

"मी ना भाऊ. गनपत."

"आवाजावरून वळखलं. माय गेली म्हंते?"

गणपतने त्यांचे दोन्ही हात धरले. "देवानं चांगल्या मानसाचेच डोये न्यावं का हो, भाऊ?" त्याच्या बहिणीने पदराने डोळे पुसले. जे डोळे दाखवायला ती इतक्या लांबून आली होती, ते बाबांनी एकदाही पाहिले नाहीत. ती दोघं कागदात गुंडाळलेला फोटो घेऊन उन्हात निघून गेली.

नवरीचे फोटो छान आले.

संध्याकाळी दुकान बंद करताना मी म्हणालो, "बाबा, ते मी..."

"सांगितलं नं आता," ते म्हणाले. "सांगितलं ते सांगितलं." आणि रस्त्यावर आल्यावर, शेजारचा देवराव शिंपी पाहत होता म्हणून, त्यांनी माझा खांदा धरला.

त्या उन्हाळ्यात बाजारातल्या दुकानदारांनी बाबांचा सत्कार केला. शाल, नारळ, पेढे. बोलणाऱ्यांनी दृष्टी, देव, प्रारब्ध असे शब्द वापरले. नारळ घेताना बाबांचा हात मुद्दाम थोडा बाजूला गेला आणि देणाऱ्याने तो हळूच धरून सरळ केला. टाळ्या वाजल्या. फोटो मीच काढत होतो. सगळं आयुष्य कॅमेऱ्यामागे काढलेला माणूस, भिंग नेमकं कुठे आहे ते त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्या फोटोत ते भिंगाच्या जरा डावीकडे पाहतात.

दुसऱ्याच दिवशी मी खिडकीवर प्लायवूड ठोकलं.

देवराव मात्र बाबांना असा सोडणारा नव्हता. "चाल बे बुढ्या, सेवाग्रामले दाखवू. तिथं मोठमोठे डॉक्टर हायेत," असं म्हणत त्याने त्यांना एसटीत बसवलंच. मलाही सोबत जावं लागलं. डॉक्टरांनी बाबांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. बाबांनी वरचं मोठं अक्षर चुकीचं सांगितलं, दुसरं चुकीचं सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. डॉक्टरांनी बॅटरीने पुन्हा पुन्हा पाहिलं आणि गोंधळून म्हणाले, "बाबा, डोळे तर छान आहेत तुमचे!"

"तुमचं यंत्र बरोबर असंन, साहेब. मले नाई दिसत."

परतताना मी त्यांचा हात धरून चालत होतो. लहानपणी धरला असेल, त्यानंतर पहिल्यांदाच. बोटांना अजून तो आंबट वास होता. वाटेत देवराव मागे पाहून बोलण्याच्या नादात एका दगडाला अडखळला, तर बाबांनी चटकन त्याचा दंड पकडला.

"काय रे? तुले तं दिसत नाई ना?"

"तुह्या पायाचा आवाज आला," बाबा म्हणाले.

देवराव बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे. त्यानंतर त्याने दवाखान्याचं नाव काढलं नाही. दुकानात येऊन गप्पा मारणंही त्याने हळूहळू बंद केलं. तो आमच्या घरी जाई, बाबांजवळ बसे आणि त्यांना पेपर वाचून दाखवी. काही ओळी मुद्दाम चुकीच्या वाचायचा, असं आई सांगायची. बाबा ओठ दाबून ऐकत.

आई दाराला कडी लावून त्यांना पाहू द्यायची. दुसरा शब्द मला सुचत नाही. मी एकदा अवेळी घरी गेलो. दार लोटलेलं होतं आणि फटीतून दिसलं, बाबा तुरीच्या डाळीतले खडे वेचत होते. आई सुई घेऊन बसली होती. "अजी, धागा लावून द्या ना." त्यांनी पहिल्याच फटक्यात धागा ओवला. माझी चप्पल वाजली. सूप बाजूला सरकलं, सुई आईच्या हातात गेली, आणि मी आत शिरलो तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. "कोन हाये?" त्यांनी विचारलं.

माझ्यासमोर तरी त्यांनी ते करायला नको होतं.

आई माझ्याशी त्यावर एकदाच बोलली. वाढता वाढता म्हणाली, "बाबू, आता तुह्या बापाच्या ओठावर काळं नाई दिसत. कोन गेलं, कोन राह्यलं, मले काईच समजत नाई गावातलं." मी भाकरी मोडत राहिलो.

पुढे दोन-तीन वर्षांनी, कापसाच्या दिवसांत, आई गेली. पहाटे उठून चूल पेटवली, आणि चुलीपुढेच भिंतीला टेकली. तिचा एकही फोटो नव्हता. मी कितीदा म्हटलं होतं, तर तिचं एकच, "मी का कुठं पळून चालली का? घरातच तं हावो." फोटोवाल्याची बायको बिनफोटोची गेली.

कॅमेऱ्यात रंगीत रोल होता. तो काढून मी काळा-पांढरा घातला. का घातला ते मला त्याच वेळी ठाऊक होतं. पुढे चार दिवसांनी मी त्या अंधाऱ्या खोलीत गेलो, औषधं कालवली आणि आईचा फोटो स्वतः मोठा केला. बाबा वापरत त्याच खरबरीत कागदावर, कुंचलीचा रंग धरणाऱ्या. दाराला तिचंच जुनं लुगडं भिजवून लावलं, कापूस बसू नये म्हणून.

तेरवीला तो फोटो पाटावर ठेवला. सगळं घर माणसांनी भरलं होतं. मावशी म्हणाली, "भाऊचे डोये असते तं आज बाईचे डोये काढले असते. केवढ्या लोकायचे काढले त्यायनं!"

देवराव कोपऱ्यातून म्हणाला, "अन् वयनीचे डोये शोधाले कुठं जा लागलं असतं? या पोरावरच तं गेले. समोर बसवलं असतं की झालं."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. खरंच होतं ते, लहानपणापासून ऐकत आलो होतो, रंग बापाचा, डोळे आईचे. मग मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. खांद्यावरून पलीकडे नाही, डावीकडे नाही. सरळ माझ्या डोळ्यांत. किती वर्षांनी. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा दोन बोटांना असा टेकला होता, जसा कुंचली धरताना टेकतो.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, "बाबा, दुकानात चला." खिडकीवरचे खिळे उपटायला किती वेळ लागला असता? पण दुकानदार बसले होते, शाल देणारे बसले होते. गणपतही हिंगणीहून आला होता, त्याच्या घरी भिंतीवर आई डोळे मिटूनच होती. आणि खिडकीसमोर त्या स्टुलावर मला बसावं लागलं असतं. उजेड आहे तोवर त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं असतं.

मी उठलो आणि कोणाला तरी पाणी पाहिजे असं म्हणत आत गेलो.

मागे बाबांचा आवाज ऐकू आला. "निजू द्या तिले. जल्मभर जागलीच हाये ते."

त्यानंतर ते काही वर्षं जगले. संध्याकाळी ओट्यावर बसून राहत, दिवा लागला की कोणी तरी हात धरून आत नेण्याची वाट पाहत. कडी लावून पाहू देणारं घरात कोणी उरलं नव्हतं. देवरावही पुढे थकला. एकदा पलीकडच्या घरावर नीळकंठ पक्षी येऊन बसला. बाबांची मान त्याच्याबरोबर वळली, तो उडाला तशी वर गेली, आणि मग मी दारात आहे हे लक्षात येऊन हळूहळू खाली आली.

आईचा फोटो आता माझ्या खोलीत आहे. नातू लहान असताना विचारायचा, "आजोबा, ही झोपली आहे का?" मी म्हणायचो, हो.

मजूर जेवायला गेले. प्लायवूडच्या ढिगाऱ्याखाली ते स्टूल निघालं होतं, एक पाय आखूड, त्याखाली बाबांनी ठोकलेला चामड्याचा तुकडा अजून तसाच. फरशीवर त्याच्या पायांनी खोलगट खुणा पडल्या आहेत. मी ते उचललं आणि त्या खुणांवर ठेवलं. समोरची खुर्ची केव्हाच मोडीत गेली. तिच्या जागेवर नुसती धूळ होती आणि तिच्यात मजुरांच्या पायांचे ठसे.

मी बसलो. डाव्या गालावर उजेड आला, थंड, सारखा. पुढच्या आठवड्यात माझा उजवा डोळा कापणार आहेत. आईचे म्हणून जे डोळे उरले आहेत ते हे दोनच, आणि त्यातला एक गढूळ झाला आहे.

नवा मालक आत डोकावला. "काका, इथी काऊन बसले? चक्कर आली का?"

"नाई रे."

"मंग? चाला ना, पुढं खुर्ची हाये."

"बसू दे थोडा," मी म्हटलं. "उजेड हाये तोवर."

तो गेला. मी समोर पाहत बसलो, पापण्या मारत.